अक्काचं ‘येते हां’

भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणे. अमावास्या लागते, कुत्रं रडावं लागतं, दिवे जावे लागतात.

माझ्याकडे यातलं काहीच नाही.

माझ्याकडे आहे ती भर दुपार. जेवण झालेलं, हाताला डब्यातल्या चिंचेच्या भाताचा वास, वर ट्यूबलाइट लख्ख. गेल्या वर्षीचा मार्च, मंगळवार. जागा म्हणाल तर येलहंकाच्या पुढची एक प्रयोगशाळा. नाव सांगणार नाही, कारण मी अजून तिथेच नोकरी करते.

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या डोळ्यांसमोर घडलीय. आणि मी काही उठसूट भुतं बघणारी बाई नाही. मी मशीनवाली. स्क्रीनवर काही वेडंवाकडं दिसलं की मी आधी वायर तपासते, मग देव आठवते.

त्या दिवशी वायरी सगळ्या ठीक होत्या.

आधी घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी संयोगिता. आम्ही बेंगळुरूचे जुने मराठे, घर गवीपुरममध्ये. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडताना दोन्ही. वडील आम्ही लहान असतानाच गेले. आई, म्हणजे सोयराबाई, माझी थोरली बहीण दिव्यश्री आणि मी, अशा तिघीच. आमच्याकडे थोरलीला ताई म्हणत नाहीत, अक्का म्हणतात. आई मात्र तिला दिवी म्हणायची.

अक्का जनावरांची डॉक्टर होती. त्या प्रयोगशाळेत सशांना भूल द्यायचं काम तिचं, आणि भुलीत असताना त्यांच्या डोक्यातला दाब मोजायचं मशीन माझं.

सोपं करून सांगते. मेंदूभोवती पाणी असतं. त्या पाण्याला दाब असतो. सशाच्या मानेमागे बसवलेली बारीक नळी तो दाब मशीनला सांगते आणि मशीन तो स्क्रीनवर रेघ काढून दाखवतं. श्वासाबरोबर रेघ हलते. गॅसची भूल दिली की रेघ हळूहळू चढते, शिरेतून दिलेल्या एका औषधाने उतरते. अक्काचा अभ्यास त्याचाच होता. भुलीमुळे दाब किती बदलतो ते कळलं, तर डोक्याला मार लागलेल्या माणसाला कुठली भूल द्यायची ते कळेल, असं ती म्हणायची.

डोक्याला मार लागलेल्या माणसाला...

असो.

आमच्या घरात एक शब्द चालत नाही. ‘जाते.’

बाहेर पडताना ‘येते’ म्हणायचं. तुमच्याही घरी असेल. पण आमच्या आईचं म्हणजे फारच. भाजीवाला ‘होगतिनी अम्मा’, म्हणजे जातो, म्हणाला की ती त्याला परत बोलवायची. “होगतिनी नाही रे अण्णा. बरतिनी म्हण. येतो म्हण.” तो बिचारा रोज हसत हसत ‘बरतिनी’ म्हणून जायचा.

अक्काने ती सवय प्रयोगशाळेत नेली. ससा भुलीत जायला लागला की ती त्याच्या कपाळावर तळवा ठेवायची आणि म्हणायची, “येते हां.” काम संपलं, गॅस बंद केला, की पुन्हा तसाच तळवा ठेवायचा आणि म्हणायचं, “आले गं.”

आणि रेघ उडायची.

डोळा उघडायच्या आधी. कान हलायच्या आधी. एकदम टुणकन वर.

“बघ संयू,” ती म्हणायची, “शुद्ध नंतर येते. पाण्याला आधी कळतं.”

“भूल उतरताना दाब वाढतोच अक्का. तुझाच अभ्यास आहे.”

“मग रघुनंदनसर बोलल्यावर का नाही वाढत?”

रघुनंदनसर म्हणजे आमच्याबरोबरचे दुसरे डॉक्टर, अथणीकडचे. ते मान डोलवायचे. “खरं हाय ते. माज्या आवाजाला सशे भीक घालत न्हाईत.”

सशांना नावं द्यायची नसतात, नंबर असतो. अक्काने एका पांढऱ्या सशिणीचं नाव ठेवलंच होतं, बेण्णे. कन्नडमध्ये लोण्याला बेण्णे म्हणतात. हात लावला तर तशीच मऊ होती ती.

आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका सकाळी अक्काने बेण्णेला भूल दिली. “येते हां,” म्हणाली. पुढचं काम सरांकडे सोपवून बँकेचं काहीतरी काम उरकायला स्कूटरवरून निघाली. हेब्बाळच्या अलीकडे वाळूवरून स्कूटर घसरली.

डोक्याला मार.

आयसीयूमध्ये अक्का झोपवलेली होती. औषधाची भूल, तोंडात नळी, डोक्यात सेन्सर. आणि उशाशी स्क्रीनवर रेघ.

तीच रेघ हो. जी मी रोज बघत होते. बाकीचे नातेवाईक चेहरा बघत होते, मी रेघ बघत होते. मला ती वाचता येत होती, आणि येत नसती तर बरं झालं असतं असं मला त्या दिवशी वाटलं.

सकाळच्या भेटीच्या वेळेत आईला आत सोडलं. नर्स म्हणाली, बोला त्यांच्याशी. आई काय बोलणार? तिने अक्काच्या कपाळावर तळवा ठेवला.

“आले गं, दिवी.”

रेघ उडाली.

मी आईचा दंड घट्ट धरला आणि स्क्रीन दाखवली. “आई, तिला कळलं. तू आलेली कळली तिला.” आईने त्या रेघेला हात जोडले.

वेळ संपली. नर्स घाई करू लागली. आईने पुन्हा तळवा ठेवला आणि जन्मभराच्या सवयीने म्हणाली, “येते हां.”

संध्याकाळच्या भेटीला आम्ही खालीच थांबलो होतो. त्याआधीच दुपारी फोन वाजला.

आम्ही वर गेलो तेव्हा स्क्रीन बंद होती.

आई रडली, पण सगळ्यांसारखी नाही. एकच वाक्य घेऊन बसली. “मी येते म्हणाले होते. ती वाट बघत राहिली.” दहावं झालं, तेरावं झालं, आईचं वाक्य तेच. आणि त्यानंतर तिने घराबाहेर पाऊल टाकणं बंद केलं. देवळात नाही, लग्नाला नाही, दवाखान्यातही नाही.

मला आधी कळेना. मग एकदा चपला घालून ती उंबऱ्यापाशी उभी राहिलेली पाहिली. ओठ हलले, आवाज नाही, आणि परत आत.

तेव्हा उलगडलं. निघायचं तर ‘येते’ म्हणायला हवं. ‘जाते’ तर म्हणायचंच नाही. आणि ‘येते’ आता तिच्या तोंडून निघत नव्हतं. म्हणून मग निघायचंच नाही.

माझी चालती-बोलती आई डोळ्यांदेखत घरात कोंडली गेली होती. मला दुसरं काही नको होतं. अक्का परत मिळणार नव्हती, निदान आई तरी मिळावी, एवढंच वाटत होतं.

आता त्या मंगळवारचं.

अक्काचा अभ्यास अर्धा राहिला होता. रघुनंदनसरांनी तो पुरा करायला घेतला. टेबलावर बेण्णे. मोजमाप झालं, गॅस बंद केला, आता ती शुद्धीवर यायची वाट बघायची. सर हात धुवायला बाहेर गेले. मी एकटी.

शेजारच्या खोलीत बाकीचे ससे असतात, मधे काचेचं दार. ससे ओरडत नाहीत, पण चघळतात. गवत चघळायचा तो बारीक आवाज दिवसभर चालू असतो. इतका की तो ऐकूच येत नाही.

त्या दिवशी मला तो ऐकू आला.

कारण तो... थांबला.

सगळ्यांचा, एकदम.

मी काचेतून पाहिलं. सगळे ससे ताठ. सगळ्यांचे कान एकाच बाजूला वळलेले... बाहेरच्या दाराकडे.

ससा घाबरला की मागचा पाय आपटतो. एक आपटला की सगळे आपटतात. पण त्या दिवशी कुणीच आपटला नाही. ते घाबरले नव्हते. ते वाट बघत होते.

मग बाहेरच्या पॅसेजमध्ये आवाज आला...

चीक.

चीक.

अक्काच्या डाव्या रबरी चपलेचा. “नवी घे गं, उंदीर चिरडल्यासारखा आवाज येतो,” म्हणून मी तिला दहादा चिडवलं होतं. घरातल्या जुन्या चपलाच तिने इथे वापरायला आणल्या होत्या. त्या दाराजवळच्या रॅकवरच होत्या, कुणी उचलल्या नव्हत्या. मी मान वळवून पाहिलं. रॅकवर चपला होत्या.

आवाज टेबलापर्यंत आला.

आणि थांबला.

मी बेण्णेकडे पाहिलं. दोन कानांच्या मधे, कपाळावर, तिचे पांढरे केस... हळूच दबले.

तळवा ठेवल्यासारखे.

रेघ उडाली.

टुणकन. तीच. ‘आले गं’ची.

मी ओरडलेसुद्धा नाही. वेड्यासारखी नळी तपासत बसले. नळीत बुडबुडा आला तर रेघ नाचते, टेबलाला धक्का लागला तरी नाचते. बुडबुडा नव्हता. धक्का नव्हता. मग केस सुटून वर आले, बेण्णेने डोळा उघडला आणि शेजारी चघळणं पुन्हा सुरू झालं.

मी कुणाला सांगितलं नाही. सांगून काय? मशीनवालीचंच मशीन बिघडलं म्हणाले असते.

पण पुढच्या खेपेला सर तिथेच होते. चघळणं थांबलं. चीक, चीक... केस दबले, रेघ उडाली. सरांच्या हातातली सिरिंज खाली पडली. ती न उचलताच ते माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, “तुमी बगितलं न्हवं?”

“बघितलं.”

“अक्काच हाईत.” त्यांनी चपलांच्या रॅककडे बोट दाखवलं. “येते म्हणून गेल्या, म्हणून येऊन ऱ्हायल्यात. आपण सगळी येते-येते म्हणणारी मानसं. त्यांना ‘जा’ असं कोन म्हणालं काय?”

कोण म्हणणार? आमच्या घरात तो शब्दच नव्हता.

त्या दिवशी मी घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. सांगू की नको, असं वाटत होतं. आई धने निवडत होती. हात थांबला.

“रेघ उडाली? माझ्या वेळी उडाली होती तशी?”

“तशीच.”

“मग मला घेऊन चल.”

“आई, यायचं असेल तर एका अटीवर. तिला भेट, पण मग तिला जा म्हण. ती अडकलीय गं. तिला झोप किती प्रिय होती, आठवतं ना? रविवारी दुपारी बारापर्यंत उठायची नाही. तिला झोपू दे आता.”

आईने धन्यांचं ताट बाजूला सारलं. “सरी,” म्हणाली, म्हणजे बरं. “म्हणेन.”

बाहेरच्या माणसाला आत न्यायचं नियमात बसत नव्हतं. सर म्हणाले, ते मी बगतो. त्या दिवशी आई उंबऱ्यापाशी थांबली, चौकटीला हात लावला आणि काहीच न बोलता बाहेर पडली. कित्येक महिन्यांनंतर. रिक्षात तिने माझा हात सोडला नाही.

निळा गाऊन, टोपी, मास्क घातलेली आई फार लहान दिसत होती. बेण्णेची ती शेवटची भूल होती. सरांनी गॅस बंद केला. आम्ही तिघं टेबलाभोवती उभे राहिलो.

शेजारी चघळणं चालू होतं.

चालू होतं...

थांबलं.

चीक.

चीक.

आईने डोळे मिटले. तो आवाज तिने घरात किती वर्षं ऐकला होता. नव्या चपलेपेक्षा जुनीच बरी म्हणणारी पोर होती तिची.

बेण्णेचे केस दबले.

पण या वेळी... रेघ उडाली नाही.

श्वासाबरोबर वर-खाली, वर-खाली. बस. आम्ही बघत राहिलो. केस दबलेलेच होते. मग माझ्या ध्यानात आलं. आज ‘आले गं’ म्हणायची पाळी अक्काची नव्हती. ती थांबली होती.

आई पुढे झाली. तिने तळवा उचलला, बेण्णेच्या कपाळावर अलगद ठेवला. जिथे केस दबलेले होते, तिथेच. आणि ठेवल्याबरोबर ती शहारली. “गरम आहे,” एवढंच पुटपुटली.

मग म्हणाली, “आले गं, दिवी.”

रेघ उडाली. इतकी उंच, की स्क्रीनच्या वर निघून गेली.

“स्वल्प उशीर झाला गं मला,” आई म्हणाली. “त्यांनी सोडलं नाही वेळेवर. मी खालीच होते. कुठे गेले नव्हते मी. खालीच बसले होते.”

मी रडत होते. सर भिंतीकडे तोंड करून उभे होते.

रेघ खाली यायला लागली. मी आईच्या कानाशी वाकले. “आई. आता म्हण.”

आईने मान हलवली. ओठ उघडले. तो शब्द तिला येत नव्हता असं नाही, कुणाला येत नाही? पण जन्मात कधी पोटच्या पोरीला म्हटला नव्हता. पुन्हा ओठ उघडले.

“ये...”

“आई!”

“येत जा गं, दिवी,” आई म्हणाली. “येत जा.”

त्यात ‘जा’ होतं. पण ते ‘जा’ जाण्याचं नव्हतं. आपण पाहुण्यांना म्हणतो ना दारात, येत जा अधूनमधून... ते.

आईच्या तळव्याखालून केस सुटले. बेण्णेने डोळे उघडले. शेजारी चघळणं सुरू झालं.

आई परत मिळाली मला. दुसऱ्याच दिवशी उंबऱ्यातून खणखणीत “येते हां!” म्हणून ती देवळात गेली. भाजीवाल्याला पुन्हा ‘बरतिनी’ शिकवू लागली. जेवते, भांडते, माझ्या लग्नाचा विषय काढते. सरांनी खटपट करून बेण्णेला प्रयोगांतून सोडवलं आणि ती आमच्याकडेच आली. न्हाणीघराच्या बाहेर तिचा पिंजरा आहे, पण ती घरभर फिरते.

प्रयोगशाळेत आता चपलेचा आवाज येत नाही.

तो आमच्या घरी येतो.

दिवेलागणीला. आई देवापुढे दिवा लावते. बेण्णे कोथिंबिरीच्या काड्या चघळत असते... आणि थांबते. कान दाराकडे वळतात. पाय आपटत नाही. आई निरांजन ठेवून विचारते, “आलीस?” आणि दुसऱ्या भांड्यात कॉफी ओतते.

आई सुटली. अक्का अडकली. असं मी स्वतःशी म्हणते आणि मग मला माझीच लाज वाटते, कारण ती आली की मलाही बरं वाटतं.

इथपर्यंतच असतं तर मी हे लिहिलं नसतं.

आईच्या पित्ताशयात खडे झालेत. ऑपरेशन आहे, पूर्ण भूल देऊन. भूल कशी देतात, कुठलं औषध काय करतं, ते मला झोपेतही सांगता येईल. आईच्या वयाला फार धोका नाही, हेही माहीत आहे. मी तेच तिला समजावत होते.

“तू कशाला घाबरतेस?” आई म्हणाली. “भूल उतरताना दिवी येणार आहे. उठवायला.”

“कोण म्हणालं?”

आईने कोथिंबिरीची जुडी सोडली. बेण्णेला काडी दिली.

तेव्हापासून मला झोप नाही. अक्का आईवर जीव टाकायची, ती आईचं वाईट करणार नाही, हे मला कळतं. पण ती तळवा ठेवून ‘आले गं’ म्हणेल, आणि आई डोळे उघडेल, तेव्हा... कुठे उघडेल? आमच्याकडे, की तिच्याकडे?

म्हणून काल मी ठरवलं. आई देवळात गेली होती. बेण्णेसमोर जमिनीवर बसले. आईला जमलं नाही ते मी म्हणायचं. एकच तर अक्षर आहे.

चघळणं थांबलं. कान वळले.

चीक... चीक...

फार हळू येत होती चाल. अशी ती शनिवारी संध्याकाळी यायची, आठवडाभराचं काम उरकून, चप्पल ओढत.

बेण्णेच्या कपाळावरचे केस दबले.

मी तोंड उघडलं.

“बस गं अक्का,” मी म्हणाले. “दमली असशील.”

ऑपरेशन परवा आहे.